पायात उतरलेला झेंडू

अंड्यातला बलक फिका पडायला लागला तेव्हा निजाम अत्तारानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर कोंबड्यांना हळद घातली. सांगली जिल्ह्यातला माणूस, दुसरं काय करणार? आमच्याकडं बोट कापलं तरी हळद, खोकला आला तरी हळद, लग्न ठरलं तरी हळद. पिवळं करायचं म्हटल्यावर आमची अक्कल हळदीपुढं जात नाही.

कुंडलला माझी भरड्याची गिरणी आहे. निजामच्या शेडाचं सगळं खाद्य मीच भरडून देतो, त्यामुळं ती हळदही माझ्याच जात्यातून गेली. खाद्य पिवळं झालं, निजामची नखं पिवळी झाली, कोंबड्यांच्या चोची पिवळ्या झाल्या. फोडलेल्या अंड्यातला बलक मात्र होता तसाच राहिला, काकडीच्या गरासारखा. मका महाग झाला म्हणून निजामनं खाद्यात तांदळाची कणी वाढवली होती. मक्यात रंग असतो, कणीत नसतो, आणि हळदीचा रंग कोंबडीच्या पोटातनं अंड्यापर्यंत पोचतच नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

निजामचं आडनाव अत्तार. वाडवडील उरसात अत्तर विकायचे. हा कोंबड्या पाळतो. त्याच्या शेडावरनं जो एकदा गेलाय त्याला यातली गंमत समजावून सांगायला नको. पण माणूस सरळ. माझ्या गिरणीवर बसून त्यानं कधी कुणाच्या खाद्याला नाव ठेवलं नाही, आणि आमच्या गावात एवढी जमेची बाजू असलेली माणसं हातावर मोजण्याइतकीच.

त्याची अंडी मलकापूरचा यशराज न्यायचा. कराड-मलकापुरात हायवेलगत नवीन सोसायट्या झाल्यात, तिथं तो छापील डब्यांतून अंडी पोचवतो. त्याच्याकडं रंगाच्या पट्ट्यांचा एक पंखा असतो. फिक्या पिवळ्यापासून गडद नारंगीपर्यंत पट्ट्या. बशीत अंडं फोडायचं, बलकाशेजारी पट्टी धरायची आणि तोंड वाकडं करायचं. मुलीचा रंग बघून नाकं मुरडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. यशराज त्याच जातीचा, फक्त अंड्यांच्या बाबतीत.

"निजामभाई, डब्यावर मी 'झाडापाल्याचा नैसर्गिक रंग' असं छापून बसलोय," तो म्हणाला. "पुडीतला रंग तुम्ही घातलात तर ते खोटं ठरतंय, आणि काहीच नाही घातलं तर गिऱ्हाईक म्हणतंय अंडं आजारी आहे. झेंडू घाला. जोडीला थोडी ब्याडगी मिरची. संक्रांतीपर्यंत बघतो, नाहीतर मी दुसरं शेड बघतो."

मिरचीची अडचण नव्हती. कोंबडीला तिखट लागत नाही. मी ती भरडली त्या दिवशी शिंकून शिंकून मेलो तो मी. झेंडूचीही अडचण नसायला हवी होती, कारण निजामच्या शेडाला लागूनच झेंडूचं रान होतं. दिवाळी उलटली होती, फुलांना कुणी विचारत नव्हतं, ती झाडावरच वाळत होती. अडचण एवढीच, की ते रान आदगोंडा पाटलांचं होतं.

आदगोंडाआण्णा म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवणारे, पाणी गाळून पिणारे, रस्त्यावर मुंगळ्यांची रांग दिसली तर सायकल उचलून पलीकडं ठेवणारे जैन शेतकरी. त्या वर्षी डोंगरावरच्या पार्श्वनाथाच्या मंदिरात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. शेवटच्या दिवशी आण्णांनी महाराजांच्या समोर व्रत घेतलं: जाणूनबुजून जीव मारणार नाही, मारवणार नाही, आणि मारणाऱ्याला बरं म्हणणार नाही. पहिली दोन कलमं पाळणारी माणसं गावात सापडतील. तिसरं अवघड. ते नुसतं मनातल्या मनात बरं वाटलं तरी मोडतं. माझ्यासारख्याचं तर सकाळी चहा व्हायच्या आत मोडेल.

निजाम बांधावर गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो.

"आण्णा, फुलं वाळाय लागल्यात. मला द्या."

"कशाला रं?"

निजाम 'दर्ग्याला' म्हणाला असता तरी खपून गेलं असतं. तो तसं म्हणाला नाही.

"कोंबड्यास्नी. अंड्यातलं पिवळं रंगायला."

आण्णांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "अंड्यासाठी मी फूल द्यायचं?"

"तुमाला पटायचं न्हाई, ठाऊक हाय. पर हे जमलं न्हाई तर यशराज जातोय. त्यो गेला की असल्या महागाईत खाद्य घालायला परवडत न्हाई. मग गाडी बोलवायची आन शेड मोकळं करायचं."

"गाडी कुणाची?"

"खाटकाची. दुसरी कुणाची?"

"सगळ्या देणार?"

"अर्ध्या ठिऊन काय करू, आण्णा?"

आण्णा शेडाकडं बघत उभे राहिले. जाळीतनं कलकलाट येत होता. रोजचाच आवाज, पण त्यांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असावा.

घरी काय झालं ते आण्णांच्या बायकोनं, राजमतीअक्कांनी, मला नंतर सांगितलं. गाईसाठी भरडा न्यायला त्या स्वतः येतात. वजनाच्या बाबतीत नवऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. आण्णा ताटावर बसून नुसतेच भाकरीकडं बघत होते.

"आवं, फुलं द्या न्हाईतर देऊ नका, पण घास तेवढा घ्या. दिवस बुडायला आलाय."

"दिली तर अंडी, न्हाई दिली तर खाटीक. दोन्हीकडं माझाच हात."

"मग महाराजास्नी इचारून या."

"महाराजांचा विहार झालाय. कर्नाटकात असतील कुठंतरी."

"मग आता तुमचं तुमीच महाराज," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी ताटात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी फुलं दिली. फुकट. विकलं तर धंदा, फुकट दिलं तर जीवदया, असा त्यांनी हिशेब बसवला. मी आपलं म्हटलं, "आण्णा, फुकट दिलं म्हणून कोंबडी अंडं द्यायची थांबती व्हय?"

"आप्पासो, तू तुझी गिरणी बघ."

बघितली. निजामची बायको दिलशाद पाकळ्या खुडून सावलीत वाळवायची, कारण उन्हात रंग उडतो. वाळल्या की चुरून माझ्याकडं पाठवायची आणि मी त्या खाद्यात मिसळून द्यायचो. थोड्याच दिवसांत बलक भरत गेला. आधी पिवळा, मग मोहरीच्या फुलासारखा, मग त्यात मिरचीची लाली उतरली. यशराजनं पट्टी धरली आणि पहिल्यांदा तोंड सरळ ठेवलं. गाडी बोलवायचं राहिलं.

आता खरं तर गोष्ट इथं मिटायला हवी होती. पण चांगलं काम केलेल्या माणसाला ते जाऊन बघावंसं वाटतं. आण्णा शेडावर यायला लागले. पहिल्यांदा नाकाला उपरणं लावून जाळीबाहेर उभे राहिले. मग दारात. मग आत, पिंजऱ्यांच्या रांगांमधनं. अंड्यांच्या ट्रेकडं ते पाठ करायचे, पण कोंबड्यांकडं असे बघायचे, की जणू एकेकीला त्यांनीच गाडीतनं खाली उतरवून घेतलंय.

एके दिवशी ते मोठ्यानं म्हणाले, "निजाम, हिचा पाय बघ रं! कसा पिवळाजर्द झालाय. बाकीच्यांचे पांढरेफटक. हिला माझं फूल लागू पडलं."

"व्हय, आण्णा," निजाम म्हणाला.

त्यानंतर आले की ते तेच शोधायचे. रांगेतनं वाकून वाकून बघत जायचे. "ही बघ. आणि ती कोपऱ्यातली. आधी हिचा पाय पांढरा हुता न्हवं?" जन्मात अंड्याचा बलक न पाहिलेल्या माणसाला आपल्या फुलाचा रंग दुसरीकडं कुठं दिसणार? पायात दिसला, तिथं त्यांचं मन रमलं. निजाम प्रत्येक वेळी 'व्हय' म्हणायचा आणि दाराकडं बघायचा. मला वाटायचं, म्हातारा वेळ खातोय म्हणून कंटाळला असेल.

संक्रांतीला राजमतीअक्का तिळगूळ घेऊन दिलशादकडं गेल्या. आण्णाही बरोबर. मी पाकळ्यांचं पोतं न्यायला आलो होतो, तर मलाही एक वडी मिळाली. आण्णा बायकोला शेडात घेऊन गेले.

"चल, तुला दाखवतो. कोपऱ्यात एक हाय. आख्ख्या शेडात तशी न्हाई."

कोपऱ्यात दुसरीच होती. पांढऱ्या पायांची.

"निजाम, हितली कुठं गेली?"

निजामनं दाराकडं बघितलं. आण्णांनी शेजारची रांग बघितली, तिच्यामागची बघितली. गेल्या आठवड्यात दाखवलेली तिथंही नव्हती. अक्का नवऱ्याकडं बघत नव्हत्या, त्या निजामच्या तोंडाकडं बघत होत्या.

"सांगून टाका की," दिलशाद नवऱ्याला म्हणाली. "अजून किती दिवस व्हय व्हय म्हणणार?"

"तू गप."

"मी गप बसती, मग तुमी बोला."  मग तीच आण्णांकडं वळली. वाटीतला तिळगूळ तिच्या हातातच होता. "आण्णा, कोंबडी जोवर अंडं देती, तोवर तुमचं फूल अंड्यात जातंय. तिच्या पायाला काय उरत न्हाई, म्हणून पाय पांढरा. अंडं थांबलं की फूल पायात उतरतंय. पाय पिवळा झाला म्हणजे ती बसून खाती, आमाला तवाच कळतंय."

"मग?"

"मग शुक्रवारी तेवढ्या गाडीला घालायच्या."

कोंबड्यांचा कलकलाट चालूच होता. आण्णांनी पिंजऱ्याची तार धरली.

"मी दाखवत हुतो... आन तू..."

"तुमी दाखवल्यात म्हणून न्हाई, आण्णा," निजाम घाईनं म्हणाला. "मी आदीच बघून ठेवलेल्या असायच्या. अल्लाशप्पथ."

हे खरं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. खोटं असेल तर निजामनं माझ्या देखत बोललेलं ते एकच खोटं.

"आन बाकीच्या? ह्या पांढऱ्या पायाच्या?"

"त्या बी जाणार. पाडव्याच्या आदी आख्खी बॅच जाणार. वय झालं की जातीच. मग नवी आणायची. सगळ्याच शेडांत असं असतंय, आण्णा. मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल."

"मग माझ्या फुलानं काय झालं?"

निजामनं बराच विचार केला. "मुदत वाढली," तो म्हणाला.

आण्णा बाहेर गेले. अक्कांनी दिलशादच्या हातातल्या वाटीत आणखी एक वडी ठेवली, 'गोड बोला' म्हणायचं होतं ते म्हटलं नाही, आणि त्याही गेल्या.

पुढं बरेच दिवस झेंडू खुडला गेला नाही. दिलशादकडच्या वाळल्या पाकळ्या संपत आल्या. निजाम फुलं मागायला गेला नाही. गावात मात्र चर्चेला ऊत आला. पाटलांनी उपवास धरलेत, पाटील मंदिरात तासन्‌तास बसतात, पाटील निजामवर चिडलेत. चिडायचं असतं तर सोपं होतं. मी त्यांना मंदिराच्या पायऱ्या उतरताना पाहिलं. चुकलेली बेरीज परत परत करणारा माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते.

मग एका सकाळी ते फुलांचं पोतं सायकलला लावून शेडावर आले. मागं गडी, त्याच्या खांद्यावर बांबू आणि जाळी.

"निजाम, मुदत तर मुदत. फुलं ने. पण पिवळ्या पायाची एक बी गाडीत घालायची न्हाई. माझ्या रानाच्या कोपऱ्यात आणून सोडायची."

"आण्णा, तुमच्या रानात कोंबड्या? समाज काय म्हणंल?"

"म्हणू दे."

"कोंबड्या किडं खात्यात, आण्णा. दिवसभर उकरत्यात आन खात्यात."

"ठाऊक हाय."

"मग त्याचं?"

"ठाऊक हाय म्हणलं न्हवं?" आण्णांचा आवाज चढला आणि तिथंच बसला.

झेंडूच्या रानाच्या कडेला कुंपण झालं. आत पिवळ्या पायाच्या कोंबड्या. जन्मात मातीवर पाय न ठेवलेल्या त्या. सुरुवातीला एका जागी उभ्याच राहिल्या, मग एकीनं पाय घासला, मग सगळ्या उकरायला आणि जाळीतनं झेंडू टोचायला लागल्या. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. "पाटील, अंड्याचा काय भाव?" असं एकानं विचारलं. आण्णांनी त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं.

पाडव्याच्या आधी, निजाम म्हणाला होता तशी, मोठी गाडी आली. दुपारची वेळ. आण्णा बांधावर येऊन उभे राहिले.

निजाम त्यांच्याकडं गेला. "आण्णा, कुंपणात अजून जागा हाय. दहा-वीस मावतील. न्या, कुठल्या पायजे त्या."

"मी निवडू?"

"मग कोण निवडणार?"

"मी दहा निवडल्या, की बाकीच्या गाडीत मीच घातल्या. मला निवडायला लावू नगंस, गड्या."

"मग मी आणून देतो दहा."

"तू दिल्यास म्हणजे मी तुला निवडायला लावलं." आण्णांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे."

मला वाटलं ते आता जातील. गेले नाहीत. शेवटचा पिंजरा चढेपर्यंत ते तिथंच उभे होते, उन्हात, डोक्यावर काही न घेता. पिंजऱ्यांच्या फटींतनं पाय बाहेर आले होते. बहुतेक पांढरे. काही नुकतेच पिवळे व्हायला लागलेले. गाडी पलूसच्या रस्त्याला लागली तेव्हा आण्णांनी हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

शेड धुऊन चुना मारून रिकामं ठेवलं. कुंपणातल्या कोंबड्यांची या काळात पिसं झडली आणि नवी आली. मग एके दिवशी आण्णा माझ्या गिरणीवर आले. चेहरा उतरलेला.

"आप्पासो, दोघी-तिघींचे पाय पांढरे झालेत."

मी समजलो. आता मलाही ते वाचता येत होतं. "म्हणजे पिसं बदलून परत अंडी द्याय लागल्या."

"माझ्या रानात."

मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण समोरचा माणूस हसण्यासारखा नव्हता. या कोंबड्या बाहेर हिंडलेल्या, त्यामुळं रोगाच्या भीतीनं निजाम त्यांना शेडात परत घेईना. अंडी उचलायला आण्णा हात लावीनात. शेवटी अक्कांनीच तोड काढली: दिलशादनं सकाळी येऊन कुंपणातली अंडी घेऊन जायची. ती यायची तेव्हा आण्णा डोंगराकडं तोंड करून उभे राहायचे आणि ती गेली की वळायचे.

एका सकाळी भरडा द्यायला मी गेलो होतो. दिलशाद ओच्यात अंडी घेऊन कुंपणातनं निघाली आणि बांबूला पाय अडखळून खाली बसली. तिला लागलं नाही. एक अंडं मात्र निसटून दगडावर फुटलं. आवाजानं आण्णा वळले.

दगड काळा होता. त्यावर पांढरं पसरलं, आणि मधोमध बलक. फुटला नव्हता. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. शेवटच्या तोड्याचा झेंडू त्याच्या मागंच उभा होता, आणि दोन्हीतला रंग कुठं सुरू होतो नि कुठं संपतो, ते यशराजच्या पंख्यालाही सांगता आलं नसतं.

आण्णा जवळ आले. वाकले. दिलशाद पदरानं दगड पुसायला गेली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"हेच व्हय?"

"व्हय, आण्णा."

ते बघत राहिले. बासष्ट-पासष्ट वर्षांच्या माणसाचं तोंड इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं.

"लय चांगला रंग आलाय गं," ते म्हणाले.

आणि म्हटल्याक्षणी त्यांनी तोंडावर हात ठेवला. दिलशादला काही कळलं नाही. ती हसून 'तुमच्याच फुलाचा हाय' म्हणाली. मला कळलं. मी दुसरीकडं बघायला लागलो. आण्णा विहिरीकडं गेले, चूळ भरली, परत भरली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. अक्कांनी मला एवढंच सांगितलं, की विचारल्यावर म्हणाले, "मारलं न्हाई म्हणत हुतो, मारवलं न्हाई म्हणत हुतो. तिसरं ऱ्हायलं हुतं. ते बी गेलं."

"मग मी म्हणलं, आता काय करायचं?" अक्का पोत्याचं तोंड बांधत म्हणाल्या. "तर म्हणत्यात, महाराज भेटतील तवा सांगायचं. देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं."

"आणि फुलांचं?"

अक्कांनी काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मूठभर भरडा पोत्यात जास्तीचा टाकून घेतला.

"निजामच्या शेडात नवी पिल्लं आल्यात की वं," त्या म्हणाल्या. "हे कालपासनं झेंडूचं बी पेरायला वाफं करत्यात."